सही घेतली का?

वैद्यकीय अभ्यासक्रमात सर्वांत महत्त्वाचा अवयव कोणता? कुणी हृदय म्हणेल, कुणी मेंदू. दोघेही नापास. उत्तर आहे, सरांचा उजवा हात.

कारण सही तिथून येते.

जर्नलवर सही, लॉगबुकवर सही, पोस्टिंग संपल्याची सही, इंटर्नशिप पुरी झाल्याची सही. रुग्ण बरा झाला की नाही हे त्याच्या घरच्यांना ठाऊक. सही झाली की नाही हे विद्यापीठाला ठाऊक. डिग्री कोण देते? घरचे की विद्यापीठ?

पण सहीपर्यंत पोचायला आधी नीट ही प्रवेश परीक्षा पार करावी लागते. २०२४ ची नीट आठवते ना? निकाल लागायचा होता १४ जूनला. लागला ४ जूनला, नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. देशाला एकाच दिवशी दोन निकाल लागले, टीव्हीवर जागा मात्र एकालाच होती.

पुढचे सगळे आपण पाहिलेच. वाढीव गुण, १,५६३ मुलांची फेरपरीक्षा, पेपरफुटीचा तपास थेट लातूरपर्यंत. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर एक की दोन, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीच्या आयआयटीला विचारावे लागले. शेवटी ६७ चे १७ उरले. पन्नास पोरांचा पहिला नंबर गेला, महासंचालकांची खुर्ची गेली. परीक्षा घेणारी संस्था जिथल्या तिथे.

तिने स्वतःला पूर्ण गुण दिले असतील.

२०२५ मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा होती १४४ गुणांवर. ७२० पैकी. म्हणजे २० टक्के. दहावीत पोराला एवढे पडले तर बाप कान पिळतो. इथे तो बँकेत जातो.

का जातो? कारण पात्र ठरले १२ लाखांहून अधिक आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. रांगेच्या पुढच्या टोकाला निवड गुण करतात. मागच्या टोकाला कोण करते, ते अभिमत विद्यापीठांच्या शुल्कपत्रकात वाचा. वर्षाला वीस-पंचवीस लाख. वसतिगृह वेगळे, मेस वेगळी.

गुणवत्ता पर्सेंटाइलमध्ये मोजतात ते बरे. लाखांत मोजली असती तर फारच उघड दिसले असते.

आणि नंतर आपणच म्हणतो, हल्लीचे डॉक्टर काय पैसे घेतात हो!

असो. प्रवेश मिळाला. आता विद्यापीठ. महाराष्ट्रात सरकारी किंवा बिनअभिमत खासगी महाविद्यालयात शिकणारा १९९८ पासून एकाच घरचा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळे एका छपराखाली. कुलाब्यातल्या मुलाला आणि गडचिरोलीतल्या मुलीला एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका. याला म्हणतात समता.

कुलाब्यात आणि गडचिरोलीत शिकवायला माणसे सारखी आहेत का? तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

इतके मोठे विद्यापीठ, पण बहुतेक विद्यार्थ्यांनी ते पाहिलेलेच नसते. हॉलतिकिटाच्या कोपऱ्यातले बोधचिन्ह म्हणजे विद्यापीठ. पाच-साडेपाच वर्षे ज्याचे विद्यार्थी म्हणून मिरवायचे, त्याच्या फाटकाचा रंगही ठाऊक नाही. फी कुठल्या खात्यात जाते ते मात्र तोंडपाठ.

आता याच नाशिकची गंमत. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केले. मुंबई, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. आणि हो, नाशिक. राज्याचे आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून जिथे नांदते, त्या गावाचे नाव सरकारी महाविद्यालयांच्या यादीत यायला २६ वर्षे लागली.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?

विधानसभेचे मतदान पुढच्याच महिन्यात होते, हा निव्वळ योगायोग. दहा महाविद्यालये एक कळ दाबून सुरू झाली. प्राध्यापकांची कळ कुठे आहे, ते कुणी सांगेल का?

पहिल्या वर्षाची सुरुवात झोकात होते. पांढरा कोट, पालकांचे फोटो, देहदात्याला वंदन, थोडा योग आणि शपथ. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने चरक शपथ सुचवली आणि हिप्पोक्रेटिस की चरक यावर देशभर तोंडे वाजली. हिप्पोक्रेटिसच्या जुन्या शपथेत गुरूच्या मुलांना ही विद्या मोबदला न घेता शिकवीन, असे एक कलम आहे. म्हातारा नेमका तिथे चुकला.

हल्ली गुरूच्या मुलाला फुकटची विद्या नको असते. त्याला तयार हॉस्पिटल मिळते.

शपथ झाली, कोट झाला, आता क्षमता. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आहे. म्हणजे नुसती घोकंपट्टी बंद, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते ते पाहायचे. कल्पना सोळा आणे चोख. मग ती आपल्या हातात आली. आपण प्रत्येक क्षमतेला क्रमांक दिला, क्रमांकासमोर रकाना आखला आणि रकान्यात सहीला जागा ठेवली.

झाले. क्षमता राहिली बाजूला, पोरे सहीच्या मागे.

लॉगबुक कधी भरतात, हे कुठल्याही हॉस्टेलवर विचारा. टर्म संपायच्या आदल्या रात्री, एकाच पेनने, शेजारच्याचे समोर ठेवून. अख्ख्या टर्मचे कौशल्य एका रात्रीत आत्मसात. सकाळी सरांच्या केबिनबाहेर रांग. सरही भले माणूस. ते विद्यार्थ्याकडे पाहत नाहीत, रकान्याकडे पाहतात. वेळ वाचतो.

संवादकौशल्य आणि नीतिमत्ता यांचाही आता स्वतंत्र भाग आहे. रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी. फारच उत्तम. तो शिकवतात कसा? दीडशे मुलांसमोर, अंधाऱ्या हॉलमध्ये, स्लाइडवरचे मुद्दे वाचून. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे, हा मुद्दा सर भिंतीकडे पाहून वाचतात.

मागच्या बाकावर अर्धे झोपलेले असतात. त्यांना वाईट बातमी परीक्षेत कळते.

मग कुटुंब दत्तक योजना. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यायची, त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचे. कागदावर वाचले की डोळे पाणावतात. बस गावात जाते, पोरे उतरतात, रक्तदाब मोजतात, फोटो काढतात, बस परत येते. दत्तक घरातली आजी विचारते, ‘बाळा, रक्तदाब तर वाढलाय म्हणतोस, मग गोळी कोण देणार?’

बाळ फर्स्ट इयरला आहे. गोळी दुसऱ्या वर्षी येते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांचे तरी ठरलेले असते का? ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न्यायवैद्यकात समलैंगिकतेबद्दल आणि कौमार्याबद्दल असे काही जुनेपुराणे परत घुसवले होते, की बोंब झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सगळा मजकूर मागे. विद्यार्थ्याने उत्तर खोडले तर गुण जातात. आयोगाने खोडले तर त्याला सुधारणा म्हणतात.

हजेरीचे बघा. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. विद्यार्थ्यांवर विश्वास नाही, हे समजू शकते. पण १ मे २०२५ पासून प्राध्यापकांनाही मोबाइलवर चेहरा दाखवून आधारची हजेरी लावावी लागते, जागेच्या नोंदीसकट. आधी सही होती. मग अंगठा आला. आता चेहरा. पुढची पायरी कोणती, रक्तगट?

आणि हे उगाच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतल्या लाचखोरीचा गुन्हा नोंदवला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयातल्या माणसांपासून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत नावे आली. आरोप काय? कागदोपत्री प्राध्यापक, भाड्याचे रुग्ण, गोपनीय माहिती आधीच फुटलेली. एके ठिकाणी तर बोटांच्या प्रतिकृती करून हजेरी लावल्याचा आरोप.

शरीररचनाशास्त्राचा विभाग तिथे नक्कीच चांगला असणार.

तपासणीचा दिवस म्हणजे काय असते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही डोळा मारून विचारा. एरवी ओस पडलेला वॉर्ड त्या दिवशी लग्नघरासारखा भरतो. खाटेवर पाहुणे, टेबलावर मिठाई, दारात गाड्या, आणि वऱ्हाड गेले की मांडव रिकामा. केस पेपर आहेत, ताप आहे, फक्त रुग्णाला काही होत नाहीये.

शंभर टक्के बरे होण्याचे प्रमाण. जगात कुठे आहे असे रुग्णालय?

विद्यापीठाच्या परीक्षेलाही बाहेरून परीक्षक येतात. थिअरीला पानेच्या पाने, प्रॅक्टिकलला केस, शेवटी व्हायवा. कुणी पोरगे रात्रभर ‘पार्क’चे पुस्तक घोकते, कुणी पहाटे ‘चौरासिया’च्या पुस्तकातली चित्रे रंगवते, हॉलबाहेर उभे राहून देवाचे नाव घेते. आत काय चाललेले असते? बाहेरचे परीक्षक दुपारी काय जेवतील, यावर विभागाचे एकमत होत नसते.

व्हायवाच्या गुणांचा आणि जेवणाच्या वेळेचा संबंध आहे का? संशोधनाला वाव आहे. प्रबंधाचा विषय कुणीतरी घ्या.

तिसरे वर्ष सरता सरता पोरगे वॉर्डातून हळूच नाहीसे होते. कुठे गेले? लायब्ररीत. कानात इअरफोन, समोर पीजीच्या तयारीचे ॲप. कारण एमबीबीएस ही आता डिग्री राहिलेली नाही, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याची पात्रता झाली आहे. पीजीला विचारतात चार पर्यायांपैकी एक. खाटेवरचा रुग्ण पर्याय देत नाही. तो नुसता ‘पोटात दुखतंय’ म्हणतो.

अशा अर्धवट प्रश्नावर कोण वेळ घालवणार?

मग येते इंटर्नशिप. एक वर्ष. कोटावर स्टेथोस्कोप, हातात रक्ताच्या बाटल्या. वॉर्डातून लॅबमध्ये, लॅबमधून वॉर्डात. मामा सुटीवर, मावशी दुसऱ्या मजल्यावर, सिस्टर रजिस्टरमध्ये, तेव्हा सॅम्पल कोण नेणार? नीटमध्ये ६०० च्या वर गुण मिळवणारा. देशातली अत्यंत कठीण निवड परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेले पहिले काम, लिफ्टची वाट पाहणे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये सरकारी महाविद्यालयांतल्या इंटर्नचे विद्यावेतन ११ हजारांवरून १८ हजार केले. चांगले झाले. खासगी महाविद्यालये काय देतात, हे सर्वोच्च न्यायालयालाही मुद्दाम विचारावे लागले. यावरून काय ते समजा.

निवासी डॉक्टरांसाठी केंद्राचा १९९२ चा निर्देश आहे. सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला ४८ तास पुरे. तीस वर्षे उलटून गेली. आयोगाच्या कृतिदलाने मध्यंतरी नवी शिफारस केली, आठवड्याला कमाल ७४ तास. म्हणजे नियम पाळता येत नसेल तर काय करायचे? नियमच फुगवायचा.

चोवीस तास उभा असलेला डॉक्टर रुग्णाला सांगतो, ‘विश्रांती घ्या.’ सल्ला अनुभवातून आलेला नसतो.

पीजीची नीट आणखी रंगतदार. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. २२ जूनच्या रात्री पुढे ढकलली. पोरे गाड्यांत, लॉजवर, परक्या गावात. जे रुग्णाच्या बाबतीत आयत्या वेळी माघार घेऊ नये असे शिकतात, त्यांना यंत्रणेने धडा प्रात्यक्षिकासह दिला. उलटा.

त्याआधी २०२३ मध्ये तर पीजीची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून. आधी म्हणायचे, गुणवत्तेशी तडजोड नाही. मग म्हणायचे, जागेशी तडजोड नाही. शून्याचा शोध भारताने लावला, एवढे तरी या निमित्ताने जगाला आठवले.

आणि ‘नेक्स्ट’? २०१९ च्या कायद्याने शब्द दिला होता, की देशभर एकच अंतिम परीक्षा होईल, तीच परवान्याची आणि तीच पीजीची. तीन वर्षांत म्हणाले होते. जुलै २०२३ मध्ये सराव परीक्षा ठरली, तीही लांबणीवर. मुलांनी असाइनमेंट इतकी वर्षे लांबवली असती तर?

डिटेन केले असते.

आता एमबीबीएसच्या सावलीतली भावंडे. नर्सिंगची पोरगी विद्यार्थिनी म्हणून फी भरते आणि अनेक ठिकाणी कर्मचारी म्हणून राबते. वॉर्डात माणसे कमी पडली की तिचे क्लिनिकल शिक्षण अचानक वाढते. शिकवायला कुणी नसते, पण काम सांगायला सगळे असतात. तिलाही आता सीईटी आहे बरे का. राबण्यासाठीसुद्धा गुणवत्ता यादी.

फिजिओथेरपीवाल्यांचे दुखणे वेगळे. इतकी वर्षे शिकून नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचे की नाही? २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमाने सांगितले, लावा, शेवटी ‘पीटी’ लिहा. ९ सप्टेंबरला आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले, लावू नका. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे. चोवीस तासांत एक पेशा डॉक्टर होता, नव्हता आणि पुन्हा विचाराधीन झाला.

गुडघा मात्र तेवढ्यात बरा झाला नाही.

होमिओपॅथीवाल्यांची कथा तर मालिकेला शोभेल. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. आरोग्य विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा आणि ॲलोपॅथीची औषधे लिहा. २०२५ मध्ये त्यांची वैद्यक परिषदेत नोंदणी करायची ठरली. मग स्थगिती. मग पुन्हा आदेश. मग १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा संप.

एका विद्यापीठाच्या एका फळ्यावर जे साडेपाच वर्षांत शिकवायचे, ते दुसऱ्या फळ्यावर एका वर्षात शिकवून होत असेल, तर दोनपैकी एक फळा खोटा आहे. कोणता, ते विद्यापीठाने सांगावे.

पण ॲलोपॅथीवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. ज्या खेड्यात होमिओपॅथ दवाखाना उघडतो, तिथे एमबीबीएस का जात नाही? सरकारी महाविद्यालयात जनतेच्या पैशाने शिकून एक वर्ष बंधपत्रित सेवा करायची असते. न केल्यास एमबीबीएसला दंड १० लाख. कित्येकांनी हिशेब केला आणि दहा लाखच स्वस्त पडतात असे उत्तर काढले. नीटच्या तयारीत गणित नसते म्हणतात ते खोटे.

बरे, जाणाऱ्यांचे काय? जायला तयार असलेल्यालाही नियुक्तीच्या आदेशाची वाट पाहावी लागते. खेड्याला डॉक्टर हवा, डॉक्टरला खेडे चालेल, मध्ये अडले कोण?

सही.

आता आपण. म्हणजे तुम्ही, मी आणि पोटात दुखणारा शेजारी. डॉक्टर निवडताना तो कुठे शिकला, किती रुग्ण पाहून शिकला, असे आपण कधी विचारतो? आपण विचारतो, दवाखान्याबाहेर गाडी लावायला जागा आहे का. कॅशलेस चालते का. आणि आपल्या पोराला बारावीला बरे गुण पडले की याच कारखान्याच्या दारात हातात चेक घेऊन आपणच उभे राहतो. टीका करायची तर रांग सोडून तरी करावी.

या सगळ्यावर पहारेकरी किती? आयोग आहे, विद्यापीठ आहे, सीईटी कक्ष आहे, शुल्क नियामक प्राधिकरण आहे, वैद्यक परिषद आहे. कुणी खाटा मोजते, कुणी गुण, कुणी फी, कुणी चेहरे. मोजणाऱ्यांची कमतरता नाही. विद्यार्थ्याला रुग्ण तपासता येतो का, एवढेच कुणाच्या रजिस्टरात नाही.

यावर उपाय फार सोपा आहे. समिती नको, ॲप नको. तपासणीला येणाऱ्याने वॉर्डात जावे, पहिल्या खाटेपाशी थांबावे आणि रुग्णाला एकच प्रश्न विचारावा. ‘तुम्हाला कोणत्या विद्यार्थ्याने तपासले आणि त्याने काय सांगितले?’ उत्तर आले तर महाविद्यालय पास. नाही आले तर नापास. सहीची गरजच नाही.

अडचण एकच. त्यासाठी खाटेवरचा माणूस खरोखर आजारी असायला हवा.